पंपाला जुंपलेला सूर्य

लिंगनवाडीच्या ग्रामसभेत हौसाक्का कोळपेंनी गावच्या विहिरीवर सौरपंप बसवण्याचा ठराव मांडला. वीज नसली की टाकी कोरडी पडायची आणि बायकांना लांबून पाणी आणावं लागायचं.

पाहुणे म्हणून आलेले आमदार खो-खो हसले. "काय हो अक्का, ऊन वाढलं, पाणी खोल गेलं, असं तुम्हीच रडता. आता त्याच सूर्यापुढं हात पसरता?"

सभाही हसली. हौसाक्का पदर खोचून उभ्याच राहिल्या.

"हात नाही पसरत, सायेब. ज्यानं आमचं पाणी खाली पळवलं, त्यालाच पंपाला जुंपून ते वर आणायला लावतोय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला आणि सगळ्या बायांचे हात वर गेले. ठराव मंजूर करून हौसाक्का ताठ मानेनं घरी निघाल्या.