दहा हातांची वाट

फार जुन्या काळची गोष्ट. समुद्राला लागून एक बाजारपेठेचं गाव होतं. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूची लांबच लांब टेकाडं होती. त्यांच्यावर मर्यादवेल पसरलेली असे. तिच्या मुळांनी वाळू धरून ठेवली होती. टेकाडांच्या अलीकडेच गावाची गोड्या पाण्याची एकुलती एक विहीर होती.

टेकाडांना कुणी फावडं लावायचं नाही, असा नियम होता. तो राखायला गावाने भागोजीला नेमलं होतं. तीस वर्षं त्याने कुणाला वाळूची एक पाटीही उचलू दिली नाही.

भागोजीला एकच लेक, शेवंती. बायको लवकर गेली, लेकीला त्याने एकट्याने वाढवलं. लग्नानंतर शेवंती आणि तिच्या नवऱ्याने टेकाडांमागे प्रवाशांसाठी खानावळ काढली. समुद्र पाहायला लांबून लोक येत. पण टेकाडं आड असल्यामुळे खानावळीतून तो दिसत नसे. लोक डोंगरावरच्या दुसऱ्या खानावळीत जात.

एक दिवस शेवंती बापाकडे आली. म्हणाली, "बाबा, फक्त दहा हातांची वाट मोकळी करू द्या. ओसरीवरून समुद्र दिसला की लोक थांबतील."

"नाही गं बाय. ते माझ्या हातात नाही."

"तुमच्याच तर हातात आहे."

भागोजीने तिच्यासाठी ताट वाढलं. शेवंतीने वाद घातला नाही. वाढलेलं ताट तसंच ठेवून ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी भागोजी स्वतःच तिच्या दारात गेला.

"दहा हात घे," तो म्हणाला. "त्यापुढे एक वीतही नाही."

वाट झाली. खानावळ भरू लागली. आठवड्याभरातच शेजारचा माणूस भागोजीकडे आला.

"भागोजीकाका, मलाही दहा हात हवेत."

"नियम आहे बाबा."

"तो तुमच्या लेकीला नव्हता का?"

भागोजीने त्यालाही दहा हात मोजून दिले. त्या दिवसापासून त्याला कुणालाच 'नाही' म्हणता येईना. वर्ष संपेपर्यंत टेकाडांत सतरा वाटा झाल्या. वेल सुकली आणि उरलेली वाळू वाऱ्यावर उडू लागली.

पुढच्या आषाढातलं उधाण त्या वाटांनीच आत शिरलं. खानावळ पहिल्या तडाख्यात गेली. माणसं कशीबशी वाचली, पण भातशेतं खारी झाली, आणि विहिरीचं पाणी तोंडात धरवेना.

गाव देवळात जमलं. जो तो दुसऱ्याच्या वाटेकडे बोट दाखवू लागला. तेव्हा भागोजी उठला.

"कुणाला बोल लावू नका," तो म्हणाला. "तुम्ही मागितलंत, ती चूक लहान. पहिली वाट मी दिली. ती माझ्या लेकीला दिली, म्हणून पुढच्या सगळ्या मलाच द्याव्या लागल्या."

भागोजी तिथूनच किनाऱ्यावर गेला आणि उरल्यासुरल्या वेलीचे तुकडे उघड्या वाळूत लावू लागला. थोड्या वेळाने शेवंती येऊन त्याच्या शेजारी बसली. तिने वेलीचा एक तुकडा उचलला. तिनेही तो वाळूत लावला. पुढे हळूहळू बाकीचेही आले.

वाळू उडायला एक वर्ष लागलं होतं. साठायला तशी घाई नसते. सहाव्या वर्षी भागोजी वारला तेव्हा टेकाडं जेमतेम गुडघ्याएवढी झाली होती. बाया तेव्हाही अर्ध्या कोसावरून पाणी आणत होत्या. बापामागे शेवंतीने राखण हाती घेतली. तिने खानावळ पुन्हा उभी केली नाही.

विहिरीचं पाणी गोड झालं तेव्हा शेवंतीचे केस पिकले होते. सगळ्यांनी पहिली घागर तिला भरायला सांगितली. तिने रहाट धरला, घागर वर ओढली आणि मागे उभ्या असलेल्या शेजारणीच्या डोक्यावर ठेवली.

"आधी तुमची सगळ्यांची होऊ दे," ती म्हणाली, आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

तात्पर्य: राखणदाराने आपल्या माणसासाठी एकदा मोडलेली मर्यादा पुढे कुणासाठीच उरत नाही, आणि ती मोडायला एक शब्द पुरतो, पण पुन्हा उभी करायला एक जन्मही अपुरा पडतो.