बाईंचा मणी

“अजून किती उजेड वाढवू, बाई?”

खानोलकर बाई पडद्याकडे बघत राहिल्या.

शार्दूलने दिवा आणखी प्रखर केला. हा उजेड डोळ्यांना दिसत नसे. लाल रंगाच्या पलीकडचा, कातडीखाली आतवर शिरणारा. दिव्याला खेटून बसवलेला सेन्सर परत येणारा उजेड टिपायचा आणि पडद्यावर चित्र उमटायचं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोक्यात रक्तस्राव होतोय का, हे सुई न टोचता कळावं म्हणून त्याने हे यंत्र बनवलं होतं.

पण बाईंच्या प्रयोगशाळेचा एक रिवाज होता. दूध आणि चायना ग्रास घालून बाई स्वतः खरवसासारखा पांढरा ठोकळा बनवत आणि त्यात खोल एक काळा मणी पुरत. कुठे, ते कुणाला सांगत नसत. तो मणी सापडल्याशिवाय कुठलंच यंत्र दाराबाहेर पडत नसे.

पडद्यावर नुसतं पांढरं धुकं होतं.

शार्दूल हुशार होता आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं. बाईंच्या टेबलाला लागून टेबल मिळालेला तो एकटाच. बाईंनी अर्धं वाक्य बोलावं, उरलेलं याने पुरं करावं. आज मात्र त्याचा जीव टांगणीला लागला होता. नवजात बाळांच्या वॉर्डात डॉक्टर या यंत्राची वाट बघत होते.

“थोडा आणखी वाढवतो.”

“बाळाचं डोकं भाजायचंय का?”

“मग कॉम्प्युटरवर चित्र साफ करून घेतो.”

“कर. धुकं चकचकीत होईल.”

त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

बाई उठल्या. सेन्सरचा स्क्रू सैल केला, तो दिव्यापासून दोन बोटं लांब सरकवला आणि पुन्हा घट्ट केला.

“बाई, तिथे उजेड पोचणारच नाही!”

“पोचेल तेवढा पोचेल.”

पडदा जवळजवळ काळा झाला. शार्दूलचा हात दिव्याच्या बटणाकडे गेला. बाईंनी त्याचं मनगट धरलं.

“थांब.”

बाई दिवा आणि सेन्सर जोडीने ठोकळ्यावरून सरकवत राहिल्या. एकेका जागी थांबत. घाई म्हणून नाही...

हळूहळू अंधूक चित्र जमलं आणि त्यात डाव्या कोपऱ्यात एक काळा डाग उमटला. लहानसा, पण पक्का.

शार्दूलने ठोकळ्यात त्याच जागी सुरी घातली. मणी होता! त्याला बाईंच्या पायाच पडावंसं वाटलं. एवढ्या महिन्यांची त्याची धडपड, आणि या बाईने फक्त एक स्क्रू हलवला होता.

“पण दिव्याजवळ तर उजेडच उजेड होता, बाई.”

“होता. वरवर बघून लगेच परत आलेला.”

“आणि हा?”

“हा आत हिंडून आला. म्हणून थोडा आला, उशिरा आला...”

बाईंचं वाक्य पुरं करायला शार्दूल या वेळी पुढे झाला नाही. सुरी पुसून ठेवत त्याने विचारलं, “मग वॉर्डात...?”

“जाऊ दे यंत्र.”

त्याचा चेहरा फुलला. तो आपलं टेबल आवरायला वळला. बाईंनी मणी पदराने पुसून डबीत टाकला.

“शार्दूल, उद्यापासून तुझं टेबल त्या खिडकीपाशी.”

तो चपापला. “माझं काही चुकलं का, बाई?”

“नाही रे,” बाई म्हणाल्या. “फार जवळ बसलायस तू.”