शास्त्रीबुवांना विचारलेला प्रश्न

नदीकाठच्या एका गावात फार पूर्वी एक शास्त्रीबुवा राहत. गावातले तंटे तेच सोडवत. आपला निर्णय चुकेल असे त्यांना कधी वाटले नव्हते.

एकदा सोयराबाई सुईणीला चावडीवर बोलावले गेले. एका बाळंतिणीचे मूल जन्मतःच गेले होते. बाळंतीण तापाने फणफणलेली, जगते की मरते अशी. सोयराबाईने तिला तीन दिवस सांगितले, "बाळ आजीजवळ झोपलंय." ताप उतरल्यावर खरे काय ते सांगितले. बाई वाचली, पण सुईण खोटे बोलली अशी तिच्या सासरच्यांनी तक्रार केली.

शास्त्रीबुवा म्हणाले, "खोटं बोलणाऱ्याला गावात जागा नाही. उद्या हिनं गाव सोडावं."

सोयराबाई मान खाली घालून उभी राहिली. तेवढ्यात गोंदा कोष्टी उठला. दिवसभर मागावर बसून लुगडी विणणारा साधा माणूस.

"बुवा, मी अडाणी. खोटं म्हणजे काय, तेच मला कळत नाही. सांगाल का?"

बुवा हसले. "ठाऊक असून वेगळं सांगणं, ते खोटं."

"हां, आता कळलं! पण गेल्या साली पुरात आपली नाव भोवऱ्यात सापडली होती. बायामाणसं घाबरून उभी राहायला लागली. तेव्हा तुम्ही ओरडलात, 'बसा, काठ आलाच!' काठ तर लांब होता. ते काय होतं?"

"लोक उभे राहिले असते तर नाव उलटली असती. जीव वाचवायला बोललो मी. ते खोटं कसं?"

"म्हणजे जीव वाचवायला बोललेलं खोटं नव्हे. मग सोयराबाईनं काय केलं, तेवढं समजावून सांगा."

बुवांचा चेहरा लाल झाला.

"गोंदा, तुला हे आधीच ठाऊक होतं! अडाणीपणाचं सोंग घेतलंस!"

"घेतलं, बुवा."

"मग तूही खोटाच!"

"तुमच्या न्यायानं, होय. सोयराबाई गाव सोडून गेली तर मीही माग उचलून जाईन. पण 'तुम्ही चुकलात' असं तोंडावर म्हटलं असतं, तर तुम्ही ऐकलं असतं का?" गोंदा थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, "आणि सगळंच काही सोंग नव्हतं. खरं कधी सांगावं आणि कधी थांबावं, हे मला खरंच कळत नाही."

रागावून उठून जाणे बुवांना सोपे होते. ते उठले नाहीत.

"मलाही कळत नाही," ते शेवटी म्हणाले. एवढ्या वर्षांत हे शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाले होते. मग ते सोयराबाईकडे वळले. "बाई, तुला कसं कळलं?"

"मला तरी कुठं कळत होतं?" ती म्हणाली. "तिचा हात हातात होता, एवढंच."

सोयराबाई गावातच राहिली.

तात्पर्य एवढेच: निवाडा करण्याआधी स्वतःलाही प्रश्न विचारावा, आणि उत्तर सापडले नाही तर तसे कबूल करावे.