काही नको म्हणणाऱ्या राजकन्येची नाताळभेट

एका राज्यात एक राजा होता. त्याचं नाव शांतवन, पण शांत तो झोपेतसुद्धा नसे. राणीचं नाव दीनाबाई. तिच्या हातच्या करंज्या खायला परराज्यांतले शत्रू तह करून येत. त्यांना मुलगी एकच, सुवार्ता. आता राजकन्या म्हटलं की तुम्ही सोळा वर्षांची, केसांत मोती माळून झरोक्यात बसलेली धराल. तसं काही नाही. ही चौतीस वर्षांची होती, नदीकाठच्या सुभ्याची कारभारीण होती, पूल बांधायची आणि दोन खोल्यांत राहायची. वर्षातून एकदा, नाताळाला, चार दिवस घरी यायची.

त्या राज्याची रीत अशी. नाताळाच्या दिवशी आईबापांनी लेकराला भेट द्यायची, मग लेकराचे केस पिकलेले का असेनात. पुडकं सगळ्यांसमोर उघडायचं. मनापासून आवडलं तर लेकराने म्हणायचं, ‘हेच हवं होतं.’ नाही तर ‘छान आहे’ म्हणून मोकळं व्हायचं. आवडलं नसता ‘हेच हवं होतं’ म्हणणाऱ्याची जीभ तीन दिवस निळी राही. त्यामुळे त्या राज्यात भेटीच्या बाबतीत कुणी खोटं बोलत नसे.

राजा शांतवनाची एक खोड होती. कुणी काही चांगलं दिलं, की तो म्हणे, कशाला आणलंत, मला काय कमी आहे, आणि पुडकं न उघडता शिसवी कपाटात ठेवून देई. चांगली वस्तू वापरायची नसते, ठेवायची असते, असं त्याच्या आजोबांनी त्याला शिकवलं होतं. आजोबा स्वतः फाटक्या अंगरख्यात वारले आणि मागे एकोणचाळीस नवे अंगरखे निघाले. हसू नका. तुमच्या घरच्या कपाटात कोऱ्या चादरी किती आहेत, ते आधी मोजून या.

आता राणीची एक लांबची मावशी होती, ठकूबाई. धंद्याने चेटकीण. तिने एका नाताळाला ढगांची लोकर कातून, स्वतः विणून, जावयासाठी शाल आणली. राजाने कपाटात टाकली. पुढच्या नाताळाला मावशी जेवायला आल्या आणि त्यांना द्यायला काही आणायचं राजा विसरला. मग काय, गेला कपाटापाशी, हाताला लागलं ते पुडकं उचललं आणि हसतमुखाने मावशींच्या हातात दिलं. मावशींनी पाहिलं, तर गाठ त्यांचीच. आत शाल त्यांचीच.

त्या रागावल्या नाहीत. हात धुतले आणि शाप दिला.

“जावईबापू, तुम्ही न बघता घेता आणि न बघता देता. आता सात नाताळ लेकीला भेटी द्या. तिला नको असेल ती वस्तू दुप्पट होऊन तुमच्याच घरात राहील. आणि सातव्या नाताळी दुपारच्या घंटेआधी तिच्या तोंडून ‘हेच हवं होतं’ निघालं नाही, तर ती या घराची वाट विसरेल. तिला यातलं काही सांगाल, तर त्याच क्षणी विसरेल.”

शाप देऊन झाल्यावर मावशी जेवल्या, वर दोन करंज्या मागून घेतल्या आणि गेल्या. शाप शापाच्या जागी, नातं नात्याच्या जागी.

पहिल्या वर्षी राजाने मोत्यांचा हार दिला. सुवार्ता म्हणाली, छान आहे बाबा, पण हा घालून मी चुना मळायच्या घाण्यापाशी उभी राहू का? हाराचे दोन हार झाले. दुसऱ्या वर्षी वाऱ्यावर चालणारा घोडा दिला. तिने विचारलं, याला पुलाची गरजच नाही, मग लोक मला काय म्हणतील? घोड्याचे दोन घोडे झाले. तिसऱ्या वर्षी तासातासाला गाणारं घड्याळ दिलं. त्याची दोन झाली आणि दुसरं पहिल्याच्या अर्धी ओळ मागे गाऊ लागलं. चौथ्या वर्षी हत्ती. पाचव्या वर्षी चंदनाचा पलंग, तोही तिच्याच जुन्या खोलीत दुप्पट झाला, म्हणून ती बिचारी ओसरीवर झोपली. सहाव्या वर्षी काय दिलं, ते राणी अजून कुणाला सांगू देत नाही.

दरवर्षी राजा आधी पत्र पाठवून विचारी, बाळ, तुला काय हवं? उत्तर ठरलेलं. ‘काही नको बाबा. दोघं तब्येतीला जपा.’

सातवा नाताळ चार दिवसांवर आला. सुवार्ताचं पत्रही आलं. काही नको. राणी स्वयंपाकघरात दोन हत्तींच्या मधल्या जागेत बसून करंज्या लाटत होती. राजा तिच्याजवळ पाटावर येऊन बसला. मग म्हणाला, “दीना, ती वाट विसरली तर आपण नाताळाला कुणाची वाट बघायची?”

राणीने लाटणं खाली ठेवलं. तिला रडू आलं.

तेव्हा खिडकीतली साळुंकी बोलली. ती साळुंकी तीनशे वर्षांची होती आणि फटकळ होती. ती म्हणाली, इथे बसून पीठ भिजवू नका डोळ्यांनी. उत्तरेच्या डोंगरावर मांत्रिक कुंभोजी राहतो. त्याच्या अंगणात एक रांजण आहे. कुणाच्या मनात काय आहे ते रांजण सांगतो. जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. ऊठ.

राजा उठला. पण कुणाच्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं? म्हणून तो कपाटापाशी गेला, हाताला लागलं ते पुडकं उचललं आणि काखोटीला मारलं. बघा, म्हणजे सात वर्षं शाप भोगून हा शहाणा तिथल्या तिथेच. मी असते तर दुसरा शाप द्यायला मावशींना परत बोलावलं असतं. राणीने पुडक्याकडे पाहिलं, तिला काहीतरी ओळखीचं वाटलं, पण ती पुन्हा करंज्या लाटायला लागली.

पायांत राजाच्या बावीस वर्षांच्या वहाणा होत्या. पहिल्या दिवशी काटेवन लागलं. तिथला काटा माणूस दिसला की वळून बोचतो. तीन पावलांत वहाणेचा अंगठा तुटला. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. राजाने दगडावर बसून पुडक्याची गाठ सोडली, की आत पायाला बांधायला चिंधी तरी असेल.

आत बूट होते. जाड कातड्याचे, आतून लोकरीचे, बेतीव. त्यांत एक चिठ्ठी होती आणि अक्षर सुवार्ताचं होतं. ‘बाबा, थंडीत तुमचे पाय दुखतात. हे घाला. ठेवून देऊ नका.’ चिठ्ठीवर नऊ वर्षांपूर्वीचा नाताळ होता.

राजाने बूट चढवले. बरोबर बसले. उजवं पाऊल डाव्याहून किंचित मोठं आहे, हे राजाच्या चांभारालाही माहीत नव्हतं, पण बुटांना माहीत होतं. राजाला फार लाज वाटली. लेकीच्या पावलाचं माप त्याला ठाऊक नव्हतं, आणि तिने त्याचं माप कधी घेतलं, हेही त्याला आठवेना. मग तो उठला आणि काटे तुडवत निघाला.

दुसऱ्या दिवशी गारठ्याची नदी लागली. तिच्यात अनवाणी उतरणाऱ्याची बोटं ती ठेवून घेते. राजा बुटांसकट उतरला आणि दहाच्या दहा बोटं घेऊन पलीकडे निघाला. एक नाडी मात्र नदीने ठेवून घेतली. राजाने तिच्या जागी वेल बांधली.

डोंगरावर कुंभोजी वाटच बघत होता. त्याने राजाच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे. राजा म्हणाला, तुमच्यासाठी भेट आणली होती, ती मी वाटेत घातली. कुंभोजी म्हणाला, मग रांजणाला चीर गेली आहे, ती लिंपायला चिखल तुडवून दे. त्याच्या अंगणातल्या चिखलात फुटक्या खापऱ्या होत्या आणि तो पाय धरून ठेवायचा. राजा दोन घटका तुडवत होता. एका बुटाचा तळ उचकटला, दुसऱ्याच्या टाचेत खापरी रुतली, पण पायाला ओरखडा नाही. कुंभोजीने चीर लिंपली आणि म्हणाला, विचार.

राजाने विचारलं, “माझ्या मुलीला काय हवं आहे?”

रांजण म्हणाला, “काही नको.”

राजाने पुन्हा विचारलं. रांजणाने तेच सांगितलं. तिसऱ्यांदा राजाने रांजणाच्या काठाला धरून, काकुळतीला येऊन विचारलं. तेव्हा रांजण म्हणाला, “राजा, तुझी मुलगी खरं बोलते. तू देशील अशी एकही वस्तू तिला नको आहे.”

राजाने कपाळाला हात लावला. काटे, गारठा, चिखल, आणि उत्तर घरी पत्रात आलं होतं तेच! तो परत फिरला. साळुंकी वाटेतच त्याला शोधत आली आणि राजाला म्हणाली, पाय उचल, सुवार्ता घरी पोचली आहे आणि लक्षण ठीक नाही. सकाळी ती स्वयंपाकघर समजून कोठारात गेली. मग जिना कुठे, म्हणून आईला विचारलं. विहीर डावीकडे होती ना, असं दासीला म्हणाली. विहीर उजवीकडे आहे, जन्मापासून उजवीकडेच आहे.

राजा धावला. महाद्वारापाशी पोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि घंटेवाला देवळाच्या मनोऱ्याचा जिना चढत होता. पायरीवर सुवार्ता उभी होती. सणासुदीला बाबा कुठे गेले, म्हणून बघायला बाहेर आली होती, आणि आता परत आत कुठून जायचं, ते तिला नीटसं आठवत नव्हतं. तिच्या मागे राणी तिच्या पदराचं टोक घट्ट धरून उभी होती.

राजाने काही लपवलं नाही, जेवढं सांगायची मुभा होती तेवढं. “बाळ, तुझ्यासाठी भेट शोधायला गेलो होतो. हात हलवत आलो. तुला द्यायला माझ्याजवळ काही नाही.”

सुवार्ताने त्याच्या हातांकडे पाहिलंच नाही. ती त्याच्या पायांकडे बघत होती.

“बाबा, हे घातलेत तुम्ही?”

“घातले. चार दिवस. पाय एकदाही दुखले नाहीत.”

ती पायरीवर बसली आणि राजाचा उजवा पाय मांडीवर घेतला. चिखल तिच्या नव्या साडीला लागला. तिने उचकटलेल्या तळात बोट घालून पाहिलं, टाचेतली खापरी उपटली, वेलीची नाडी पाहिली आणि तिला हसू फुटलं. हसता हसता डोळे भरून आले.

“दरवर्षी काहीतरी आणते आणि ते कपाटात जातं,” ती म्हणाली. “मला वाटायचं, मला तुमच्यासाठी काही आणताच येत नाही. किती फाडलेत हो हे! बाबा, हेच हवं होतं मला.”

राणीने पटकन वाकून तिची जीभ बघितली. गुलाबी होती. तेवढ्यात घंटा झाली.

शाप तुटला तो आवाज न करता तुटला. स्वयंपाकघरातला एक हत्ती नाहीसा झाला आणि उरलेल्याला पाय पसरता आले. गाणाऱ्या घड्याळाला आपली ओळ एकट्याने पुरी करता आली. जास्तीचा पलंग गेला. सुवार्ता उठली आणि न विचारता, डोळे पुसत, उजवीकडच्या विहिरीवरून तडक स्वयंपाकघरात गेली, आणि करंज्यांचा डबा कुठल्या फळीवर लपवलाय तेही तिला आठवलं.

जेवायच्या वेळेला ठकूमावशी आल्या. हातात पुडकं होतं, गाठ तीच. राजाने सगळ्यांसमोर गाठ सोडली आणि शाल अंगावर घेतली. ढगांच्या लोकरीची ऊब फार. चुलीशेजारी बसून तो घामाने निथळत जेवला, पण शाल काढली नाही. मावशींनी ते पाहिलं आणि पहिल्यांदाच तिसरी करंजी मागितली. सांजेला शिसवी कपाट रिकामं झालं आणि त्यातलं सगळं वापरात आलं. हार ज्याच्या घरी लग्न होतं त्याने नेला, घोडा नदीपलीकडच्या वैद्याने, आणि हत्ती लाकूडतोड्यांनी. सहाव्या वर्षीची वस्तू राणीने स्वतः पुरली.

चौथ्या दिवशी सुवार्ता निघाली. राजाने सवयीने विचारलं, पुढच्या वर्षी काय हवं? ती म्हणाली, काही नको बाबा. राजा म्हणाला, बरं. सात वर्षांत हे ‘बरं’ त्याला पहिल्यांदा जमलं.

पुढे ऐन पावसाळ्यात नदीकाठच्या सुभ्यात राजाचं पत्र गेलं. सुवार्ता पुलाच्या कमानीवर उभी होती, तिथेच तिने ते वाचलं. ‘बाळ, मला एक हवं आहे. बुटांना आता तळ उरलेला नाही. नाताळाला येताना नवे आण. माप तुला ठाऊक आहेच. तुझं माप काय, तेही कळव.’ साळुंकी सांगते की तिने ते पत्र गवंड्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा.

जशी त्यांच्या कपाटाची कडी निघाली, तशी तुमच्याआमच्या कपाटांची निघो, आणि कुणीतरी प्रेमाने आणलेले बूट आपल्या पायांत फाटोत.