भारद्वाजामागचा खोकला

‘रानवाट’ या व्हिडिओ गेममधले पक्षी मुके होते. उमाकांत टिळेकरांनी रानोमाळ हिंडून आवाज रेकॉर्ड केले आणि खेळणाऱ्यांसाठी ते गेममध्ये भरणारा फुकट मॉड, म्हणजे वरून जोडायचा भाग, बनवला. पुढे ते वारले. कंपनीनं अपडेट आणून खेळाडूंचे सगळे मॉड पुसले आणि तेच आवाज स्वतःचे म्हणून घातले.

अपडेटच्या समारंभात कंपनीचे मालक फुशारले, “हे आवाज आमच्या स्टुडिओतले!”

पडद्यावर भारद्वाज घुमला. त्या आवाजामागे कुणीतरी खोकलं.

टिळेकरांच्या पत्नी कुमुदताई उठल्या. “साहेब, स्टुडिओचा पत्ता द्या.”

“कशाला?”

“हा खोकणारा माणूस मी वर्षभर घरात शोधतेय. तुमच्याकडे असेल, तर घरी पाठवून द्या.”

पडद्यावर पुन्हा खोकला आला आणि कुमुदताईंचा हात सवयीनं पाण्याच्या बाटलीकडे गेला.