पहिला नग सोयऱ्याकडे

फार फार पूर्वी, म्हणजे इतक्या पूर्वी की तेव्हाच्या राजांची नावं त्यांच्या भाटांनाही आठवणार नाहीत, एका नदीच्या दोन काठांवर दोन राज्यं होती. लहानांनो, जवळ सरका. मोठ्यांनो, तुम्ही उठून जाऊ नका. गोष्ट खरं तर तुमच्यासाठीच आहे.

अलीकडच्या काठावर रखमाजी लोहाराची भट्टी होती आणि पलीकडच्या काठावर सुभाना लोहाराची. रखमाजीची बायको सारजा ही सुभानाची धाकटी बहीण. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सारजा घाटावर उभी राहून "आई गंऽ" अशी हाक मारायची. पलीकडून तिची म्हातारी आई "काय गं बाय?" म्हणून ओ द्यायची. सांगण्यासारखं काही नसायचं. पण ओ आली की सारजाचा तो दिवस सुखाचा जायचा.

त्या लोहारांची एक रीत होती. नवा विळा असो की नवी कुऱ्हाड, काहीही नवं घडलं की त्याचा पहिला नग सोयऱ्याकडे जायचा. सोयऱ्यानं तो वापरून बघायचा, मनसोक्त नावं ठेवायची, आणि मगच ती वस्तू बाजारात यायची. त्यामुळे या भट्टीत काय घडतंय ते त्या भट्टीला नेहमी ठाऊक असायचं.

नदीच्या मधोमध वाळूचं एक बेट होतं. तिथे कलिंगडं पिकायची. ती कुणाची, यावरून दोन्ही राजे भांडले. हसू नका, राजे याहून लहान गोष्टींवरून भांडलेले आहेत! झालं, दोन्हीकडे दवंडी पिटली: नावा बंद, निरोप बंद, लोहारांनी फक्त शस्त्रं घडवायची आणि ती कुणालाही दाखवायची नाहीत.

रखमाजीनं लोखंडी धनुष्य घडवलं. त्याचा बाण बेटापर्यंत जायचा. सारजा म्हणाली, "अहो, पहिला नग दादाकडे पाठवा की. रीत आहे आपली."

"अगं वेडे, हा काय विळा आहे? एकदा आपला पल्ला त्यांच्यापेक्षा वाढू दे. मग ते नमतील, नावा सुटतील, आणि मी स्वतः तुला माहेरी नेईन."

माहेरी नेईन म्हटल्यावर कुठली बाई वाद घालील?

तिकडे सुभानाच्याही मनात धसका होताच. मेहुणा काय घडवतोय कोण जाणे! त्यानं अलीकडच्या घाटापर्यंत बाण टाकणारं धनुष्य केलं. मग अलीकडच्या गावानं काठ सोडला आणि मागे माळावर घरं बांधली. रखमाजीनं धोंडे फेकणारं यंत्र केलं, तेव्हा पलीकडचं गाव मागे सरलं. पल्ला वाढत गेला तशी गावं लांब लांब जात राहिली. सारजाच्या नव्या घरापासून घाट इतका दूर पडला की माहेरच्या चुलीचा धूरही दिसेना. हाक मारायची कुठून आणि ऐकायची कुणी? ती भाकऱ्या थापता थापता उगाच नदीच्या दिशेला बघायची, आणि तव्यावरची भाकरी करपायची.

दर वर्षी मीठ विकणारा एक लमाण दोन्ही राज्यांतून फिरायचा. मीठवाल्याला कोण अडवणार? त्यानं सारजाला सांगितलं, "बाई, तुझ्या माहेरचं सगळं गाव मागं गेलं, पण तुझी आई काठावरच्या जुन्या झोपडीतून हलत नाही. सुभानानं हातापाया पडून पाहिलं. ती म्हणते, लेकीनं हाक मारली तर ओ द्यायला कुणीतरी हवं ना!"

सारजाची आई धोंड्यांच्या पल्ल्यात बसली होती, आणि ते यंत्र सारजाच्याच नवऱ्यानं घडवलेलं!

शेजारच्या राजांनाही आता घोर लागला होता. त्यांनी मोठी सभा भरवली आणि ठराव केला: लोखंडी धनुष्य कुणी करायचं नाही. दोन्ही राज्यांनी मान डोलावली आणि शिंगाची धनुष्यं केली. पुढच्या सभेत धोंडे फेकायला बंदी झाली. लगेच दोन्ही भट्ट्यांत जळत्या तेलाचे बुधले फेकणारं यंत्र घडू लागलं. धोंड्यांना बंदी आहे, तेलाला कुठे आहे? असे ते शहाणे! सभेनं कपाळावर हात मारून घेतला.

"हे शेवटचं," रखमाजी सारजाला म्हणाला. "एवढं झालं की तुला माहेरी—"

"पुरे झालं!" सारजा कडाडली. "दर वेळी हेच सांगता. माहेर जवळ येतंय की लांब जातंय, ते मला दिसत नाही का? माझी आई तुमच्या पल्ल्यात बसलीय. आता मी दादाच्या पल्ल्यात जाऊन बसते. मग घडवा तुम्ही दोघं काय घडवायचं ते."

आणि खरंच, ती ओस पडलेल्या घाटावर जाऊन राहिली. पाणी चढलेलं होतं. ती रोज हाक मारायची. ओ येत नसे. पाण्याच्या आवाजात ऐकू जात नसेल, आईला आता कमी ऐकू येत असेल, अशी ती स्वतःची समजूत घालायची आणि दुसऱ्या दिवशी आणखी मोठ्यानं हाक मारायची.

रखमाजीला अन्न गोड लागेना. हातोडा उचलला की डोळ्यांपुढे घाटावरची बायको यायची. शेवटी एका सकाळी त्यानं नव्या यंत्राचा पहिला नग डोंगीत घातला आणि भर उजेडात ती नदीत लोटून तो बेटाकडे निघाला. सारजा काठावरून बघत होती. पलीकडूनही एक डोंगी निघाली. तिच्यात सुभाना होता. बहीण आपल्याच पल्ल्यात बसलेली त्यालाही बघवली नव्हती. त्याच्याही डोंगीत तसंच एक यंत्र! दोघं बेटावर उतरले. सुभाना रखमाजीच्या कानाशी काहीतरी बोलला, तसं रखमाजीनं वळून घाटावरच्या सारजाकडे पाहिलं. तेवढ्यात दोन्हीकडचे शिपाई धावून गेले आणि दोघांना बांधून सभेपुढे उभं केलं.

"फितुरांनो!" दोन्ही राजे एकदमच ओरडले.

सभेतल्या सगळ्यांत वयस्कर राजानं दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी ठेवायला लावली. कुणाचं कुठलं, ते त्या दोन राजांनाही ओळखता येईना.

"ज्याच्या भीतीनं तुम्ही हे घडवलंत, तोही तुमच्याच भीतीनं हेच घडवत होता," म्हातारा राजा म्हणाला. "आम्ही एकेका शस्त्रावर बंदी घालत बसलो, तिथंच चुकलो. यापुढे लोहारांची रीत सगळ्या राज्यांना लागू. नवं काही घडलं की पहिला नग शेजाऱ्याकडे. शेजाऱ्याला कुठल्याही भट्टीचं दार कधीही उघडं. आणि ज्याची काठावरच्या माणसांना भीती वाटेल, ते दोघांनीही मोडायचं."

यंत्रं मोडली. नावा सुटल्या. पहिल्याच नावेत सारजा बसली. आईला लुगडं घेतलं होतं, मऊ गुळाच्या पोळ्या केल्या होत्या. "तिला दात नाहीत हो आता, दुधात कुस्करून देईन," असं ती वाटभर बोलत होती. रखमाजी मान खाली घालून वल्हवत होता.

काठावर सुभाना एकटाच उभा होता. मागे झोपडीचं दार बंद होतं.

"आई गेली गं सारजे," तो म्हणाला. "मागच्या सुगीला, मीठवाला येऊन गेल्यावर. निरोपाला बंदी होती. कळवू कसं?"

सारजा नावेतून उतरली नाही. बंद दाराकडे बघत म्हणाली, "दादा, मग मी इतके दिवस हाका कुणाला मारत होते?"

त्यानंतर त्या नदीवर कधी लढाई झाली नाही. कितीतरी लेकी माहेरी जाऊन आईच्या हातचं जेवून आल्या. सारजानं ते डोळे भरून पाहिलं.

बोध एवढाच: शस्त्राचा पल्ला वाढण्याआधीच एकमेकांना दार उघडावं, उशिरा झालेला तह पुढच्यांचे जीव वाचवतो, पण राहून गेलेली भेट परत देत नाही.