सरदारसाहेबांचा जुना नोकर

फार फार जुनी गोष्ट. किती जुनी, ते मला विचारू नका. जिनं मला सांगितली त्या म्हातारीलाही ठाऊक नव्हतं.

एका थंड, धुरकट राज्यात एक खाणकामगार राहत होता. बापजाद्यांपासून त्यांच्या घरात एकच काम, जमिनीच्या पोटात शिरायचं आणि कोळसा फोडायचा. आपल्या मुलाच्या वाट्याला तरी तो अंधार नको, म्हणून त्यानं होतं नव्हतं ते विकलं आणि एकुलत्या एक मुलाला समुद्रापलीकडच्या नव्या मुलखात धाडलं.

मुलगा कष्टाळू निघाला. आधी हमाली केली, मग सुतारकाम, मग स्वतःची लाकडाची वखार टाकली. पण त्या मुलखात जो तो आपल्या घराण्याच्या बढाया मारायचा. खरंखोटं करायला एवढा समुद्र ओलांडून जाणार कोण? यानंही एक दिवस ठोकून दिलं, "माझे वडील राजाचे सरदार होते. लढाईत पडले." लोकांना पटलं. पुढे बायको आली, मुलगी झाली. त्याही तेच खरं मानून चालल्या.

आणि एके दिवशी म्हातारा बाप जहाजातून उतरून थेट दारात येऊन उभा राहिला. त्याच्या कपाळावर, हातांवर कोळशाचे निळे व्रण होते. खाणीतले ते व्रण जन्मात धुऊन जात नाहीत.

दार मुलानंच उघडलं होतं. बायको आणि मुलगी शेजारीच उभ्या होत्या. "हा आमच्या सरदारसाहेबांचा जुना नोकर," तो कसाबसा म्हणाला.

म्हाताऱ्यानं एकदा मुलाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "होय बाईसाहेब. मोठे साहेब फार भले होते."

असा बाप मुलाच्या घरी नोकर झाला. मागच्या खोलीत झोपायचा, लाकडं फोडायचा. नात हट्ट धरायची, "सरदार आजोबांची गोष्ट सांग ना रे." मग तो कधी न झालेल्या लढाया रंगवून सांगायचा. मुलगा भिंतीआडून ऐकायचा आणि निघून जायचा. त्याला लाज वाटत नव्हती असं नाही. पण जीभ रेटत नव्हती.

सात वर्षं गेली. नात लग्नाची झाली आणि म्हाताऱ्यानं अंथरूण धरलं. एका सकाळी तो मुलाला म्हणाला, "तुझं काही बिघडवायचं नाही रे मला. पण एकदा पोरीच्या तोंडून आजोबा म्हणून हाक ऐकली असती."

"उद्या नक्की सांगतो, बाबा. आज तिच्या सोयरिकीची माणसं यायची आहेत. मोठं घराणं आहे."

"बरं," म्हातारा म्हणाला.

माणसं आली, जेवली, सोयरीक ठरली. पाहुण्यांना निरोप देऊन मुलगा मागच्या खोलीत गेला, तर बापाचा जीव गेलेला होता.

तेव्हा कुठे तो धाय मोकलून रडला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. मुलगी म्हाताऱ्याच्या उशाशी जाऊन बसली. मग म्हणाली, "बाबा, मी रोज माझे चिखलाचे बूट त्यांच्याकडून काढून घेत होते. तुम्ही शेजारी बसून बघत होतात."

ती सासरी गेली ती पुन्हा माहेरी आली नाही. आपल्या मुलांना ती खाणीत राबलेल्या पणजोबांविषयी भरभरून सांगायची. मुलांनी विचारलं, "आणि आमचे आजोबा?" की ती गप्प व्हायची.

ज्यानं आपल्या माणसाला परकं म्हटलं, त्याला आपलं म्हणणारं शेवटी कुणी उरत नाही.